मावशीच्या मापाचा उजेड

दिवेकाकांना राग आला की ते शिडीवर चढत आणि दिवे पुसत बसत. त्या आठवड्यात नाट्यगृहातला एकूण एक दिवा दोनदा पुसून झाला होता, तरी राग जागचा हलला नव्हता. खाली शिडी धरून उभा असलेला फ्यूज शेवटी म्हणाला, "काका, आता काचा झिजतील हो!" त्यावर वरून फडका आला तो नेमका त्याच्या डोक्यावर.

फ्यूज हा काकांचा मदतनीस. पन्नाशीचा, तीन लेकरांचा बाप, पण बारीकसारीक गोष्टीवरून उडायचा म्हणून हे नाव पडलेलं. काकांचंही खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. एकतीस वर्षं या नाट्यगृहाचे दिवे त्यांच्या हातात होते, तेव्हा ते सगळ्या गावाचे दिवेकाका. स्वभावानं थंड. पडदा अडकला, वीज गेली, नायक वाक्य विसरला, तरी यांच्या कपाळावर आठी नाही. आणि अशा माणसाला उडवलं ते एका पोरीच्या एका वाक्यानं.

ती पोरगी म्हणजे त्यांच्याच नाटकाची नायिका. वर्णानं काळी, आणि या नाट्यगृहात त्या वर्णाची नायिका आजवर झालीच नव्हती. तिच्या आधी तिच्या समाजातल्या नटांच्या वाट्याला यायचे पहारेकरी, मोलकरणी आणि 'सरकार, पाहुणे आलेत' एवढं सांगून मागे उभं राहणारे लोक. ही मात्र नाटकाच्या मधोमध आली, सहा महिन्यांत बक्षीस मिळवून बसली, आणि बक्षीस घेतलेल्या संध्याकाळी टीव्हीवर मुलाखतीत बोलली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी 'कसं वाटतंय' असं विचारलं होतं. हिनं खरोखरच कसं वाटतंय ते सांगितलं.

"शाळेत आम्ही मागच्या बाकावर," ती म्हणाली होती, "दवाखान्यात शेवटच्या नंबरला, कचेरीत जिन्याखालच्या टेबलावर. विचारायला गेलं तर प्रत्येक जण म्हणतो, मी कुठे काय केलं? आणि खरंच, त्यानं काही केलेलं नसतं. सगळं आधीच तसं बसवून ठेवलेलं असतं. लांब कशाला जाऊ, मी ज्या नाट्यगृहात नायिका आहे तिथले दिवेसुद्धा माझ्यासाठी लावलेले नाहीत."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. नटीनं नाटक करावं, राजकारण करू नये, असं म्हणणारे निम्मे. नट झाला म्हणून काय तोंड शिवून घ्यायचं, असं म्हणणारे निम्मे. बुकिंगच्या खिडकीवर तिकिटं परत करणाऱ्यांची रांग लागली, आणि तिच्याच शेजारी ती परत आलेली तिकिटं विकत घेणाऱ्यांची. दिवेकाका दाढी करायला गेले तर न्हावी वस्तरा हवेत फिरवत म्हणाला, "आम्ही पैसे देतो ते गोष्ट बघायला. हिचं गाऱ्हाणं ऐकायला नाही." शेजारच्या खुर्चीतला फेस लावलेला माणूस म्हणाला, "तू तर फुकट भाषण देतोस, आणि तेही गळ्यावर वस्तरा ठेवून!" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. दिवेसुद्धा माझ्यासाठी लावलेले नाहीत. मग कुणासाठी लावले? मी काय माणसं बघून बटणं दाबतो?

काकांना हे लागायचं कारण म्हणजे त्यांची पद्धत. ती त्यांच्या गुरुजींनी घालून दिली होती आणि काकांनी ती तसूभरही बदलली नव्हती. नटांचा वेळ महाग, त्यांना दिव्यांसाठी ताटकळत ठेवायचं नाही, हा पहिला नियम. म्हणून नव्या नाटकाचे दिवे लावायचे ते मावशीवर. मावशी म्हणजे प्लॅस्टरचं एक बाईचं डोकं, काठीवर बसवलेलं. रंगमंचावर जिथे जिथे नट उभा राहणार तिथे तिथे मावशीला उभं करायचं, आणि तिच्या पापण्या, नाक, हनुवटी स्वच्छ दिसेपर्यंत दिवे कमीजास्त करायचे. मग ते आकडे तक्त्यात लिहायचे आणि शेवटच्या प्रयोगापर्यंत तक्त्याला हात लावायचा नाही. दरवर्षी मावशीला पांढऱ्या रंगाचा एक हात बसे. पहिल्या प्रयोगाला तिच्या नाकाला हात लावल्याशिवाय एकही नट आत जात नसे, त्यामुळे नाकाचा शेंडा पार गुळगुळीत झाला होता.

काका म्हणत, मावशीला ना जात ना पात, ना काका ना मामा. तिच्यावर जो उजेड पडतो तो सगळ्यांवर सारखा पडतो. याहून सरळ मोजमाप कुठलं असणार? आणि ही काल आलेली पोरगी जगासमोर सांगते की उजेडात खोट आहे!

सोमवारी व्यवस्थापकांच्या खोलीत बैठक झाली. व्यवस्थापक नेहमीप्रमाणे घामाघूम होते. त्यांना तिकीटविक्री वाढली तरी घाम येई आणि घटली तरी. संस्थेच्या अध्यक्षबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. दर महिन्याला स्वतःचं तिकीट काढून नाटक बघत आणि म्हाताऱ्या नटांच्या औषधपाण्याचं बघत. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. 'माझे विधान निराधार होते, त्याबद्दल मी दिलगीर आहे,' असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सहीसाठी जागा सोडली होती. सही नाही केली तर शनिवारचा प्रयोग नायिकेचा शेवटचा. एवढा साधा मामला होता.

"मला कुणाच्या रंगाशी काही देणंघेणं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण लोक इथे तीन तास सगळं विसरायला येतात. त्यांना बाहेरचं भांडण आत कशाला दाखवायचं?"

"बाई," नायिका म्हणाली, "त्यांना विसरायला इथे यायचंय. मी कुठे जाऊ विसरायला?"

 व्यवस्थापकांनी कागद बोटभर पुढे सरकवला. तेवढ्यात दाराशी उभे असलेले दिवेकाका, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि ज्यांनी एकतीस वर्षांत कुठल्या बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, ते ताडकन म्हणाले, "कागद ठेवा तो बाजूला! मला निराधारबिराधार कळत नाही. गुरुवारी दुपारी बोलवा सगळ्यांना. वर्तमानपत्रवाल्यांना बोलवा, हिच्या बाजूनं बाहेर पाट्या घेऊन उभे आहेत त्यांनाही बोलवा. मी रोजच्या तक्त्यानं रोजचे दिवे लावतो. ही आणि नायक शेजारी शेजारी उभे राहतील. काय ते डोळ्यांनी दिसेल."

 व्यवस्थापकांच्या मनात आलं, म्हातारा कामाला आला.

नायिकेनं काकांकडे पाहिलं. "मला मान्य आहे," ती म्हणाली. "आणि निकाल काकाच देतील. ते म्हणाले, या दिव्यांत ही दिसते, तर मी सही करीन आणि भूमिकाही सोडीन. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

काकांना वाटलं होतं ती घाबरेल. ती घाबरली नाही, उलट तिनं सगळा भार काकांच्याच डोक्यावर ठेवला. त्यांचा राग त्यामुळे दुप्पट झाला. बोळात त्यांनी तिला गाठलं.

"पोरी, काय सांगायचं होतं ते आधी मला सांगायचंस! टीव्हीवर कशाला गेलीस?"

"सांगितलं होतं की काका. दुसऱ्या प्रयोगानंतर. तुम्ही चिठ्ठी लिहून दिलीत."

"कसली चिठ्ठी?"

"रंगपटात दिलीत. 'बाईंना दोन छटा उजळ करा.' दोन महिने मी तो लेप लावून उभी राहिले. मग पुसून टाकला." एवढं बोलून ती गेली.

काकांना चिठ्ठी आठवली. दिसत नाही म्हणाली, तेव्हा दिसायची सोय केली, यात काय चुकलं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण बजावताना आवाज नेहमीइतका चढला नाही.

घरी काकू निराळ्याच. काकूंनी बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली होती आणि नवऱ्याच्या प्रत्येक नाटकाचा पहिला प्रयोग सातव्या रांगेतून पाहिला होता. गुरुवारचं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, पण ती पोरगी मला तर आवाजावरूनच कळते."

"तुझे डोळे तपासून घे."

"गावाचे डोळे मी तपासले, माझे कोण तपासणार? तुम्ही कधी खाली बसून बघितलंय का हो नाटक? नाही ना? तुम्ही तिकडे वरच्या खोलीत, काचेमागे, मान खाली घालून आकडे बघत. चांगले दिवे लावलेत एकतीस वर्षं!"

काका ताटावरून उठले नाहीत एवढंच. पण बायकोनं बरोबर नस पकडली होती. प्रयोग चालू असताना त्यांची एक नजर तक्त्यावर, एक बटणांवर. नाटक त्यांना पाठ होतं, पण ते कानांनी. चेहरे बघायला मावशी होती.

बुधवारी व्यवस्थापक दिव्यांच्या खोलीत आले. ते तिथे कधी येत नसत; जिना चढताना त्यांना दम लागे. आल्या आल्या त्यांनी आवाज खाली आणला. "काका, उद्या तिच्या बाजूला जरा... म्हणजे एखाद्या दिव्याचं बटण थोडं वर. कुणाला कळतंय? सगळं सुरळीत होईल."

काकांनी तक्ता मिटला. मग म्हणाले, "साहेब, ज्या दिवशी मी खोटा उजेड पाडीन त्या दिवशी या खोलीची किल्ली तुमच्या हातात देईन. उतरा खाली. जिन्यात जपून, तिसरी पायरी मोडकी आहे."

व्यवस्थापक उतरले. फ्यूजला एवढा आनंद झाला की तो स्वतःशीच शीळ घालू लागला. काकांनी मात्र मिटलेला तक्ता परत उघडला. खोटं करायची गरज आहे असं या माणसाला वाटलं तरी का? खरं पुरणार नाही असं त्याला ठाऊक होतं की काय? त्या विचारानं त्यांना रात्री नीट जेवण गेलं नाही.

गुरुवारी बाराला नाट्यगृह खच्चून भरलं. पाट्यावाले डावीकडे, तिकिटं परत करणारे उजवीकडे, मध्ये वर्तमानपत्रवाले. पहिल्या रांगेत अध्यक्षबाई आणि संस्थेचे लोक. न्हावीसुद्धा दुकान बंद करून आला होता. नायिका आणि नायक आपापल्या खुणेवर येऊन उभे राहिले. नायक म्हणजे सगळ्यांचे दादा. गोरेपान, देखणे, कुणाशी वैर नसलेले, आणि या भानगडीत आपण नक्की कुणाच्या बाजूनं आहोत हे शेवटपर्यंत ठरवू न शकलेले. त्यांनी सवयीनं विचारलं, "वाक्यं म्हणायची का?"

"नुसतं उभं राहायचं," काका म्हणाले आणि जिन्याकडे वळले.

"तुम्ही कुठे निघालात?" एका पांढऱ्या केसांच्या बातमीदारबाईंनी अडवलं. "निकाल तुम्ही देणार ना? मग आमच्यात बसा. बटण दुसरं कुणीही दाबेल."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. काकांनी तक्ता फ्यूजच्या हातात दिला. "चौदा नंबर. आकडा न् आकडा वाच. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर याद राख." आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले. सातव्या रांगेत, काकूंच्या शेजारी. खुर्ची कुरकुरली. या खुर्च्या इतक्या कुरकुरतात हेही त्यांना आजच कळलं.

अंधार झाला. मग चौदा नंबर लागला.

चौदा नंबर म्हणजे पत्राचा प्रवेश. संध्याकाळची वेळ, मागे तपकिरी पडदा, वरून मंद गुलाबी उजेड. काकांना त्याचा अभिमान होता. त्यांनी पाहिलं. दादांचा चेहरा सुरेख उजळला होता. भुवईवरचा व्रण दिसत होता, सकाळी दाढी करताना लागलेली हनुवटीवरची रेघ दिसत होती. आणि दोन हातांवर, त्याच उजेडात, एक निळा झगा उभा होता. झग्याच्या वर मागचा तपकिरी पडदा. त्या पडद्यात कुठेतरी दोन डोळ्यांचं पांढरं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेजारी काकू नुसत्या समोर बघत होत्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोघंही स्पष्ट दिसतायत!" व्यवस्थापक उभे राहून म्हणाले. "संपला विषय!"

"डोळे उघडा मग!" डावीकडून कुणी ओरडलं. "दिसतेय की!" उजवीकडून दुसरा. पाचच मिनिटांत आतही तेच सुरू झालं जे आठवडाभर बाहेर चाललं होतं. निम्म्यांना दिसत होती, निम्म्यांना नाही. ज्यांना ठरवून बघायचं होतं त्यांनी ते घरून ठरवून आणलं होतं. सगळ्यांच्या माना मग हळूहळू सातव्या रांगेकडे वळल्या.

 'दिसते' एवढं म्हटलं की सुटका होती. नाव राहिलं असतं, गुरुजींचा तक्ता राहिला असता, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. झगा दिसतच होता. रंगमंचावरून ती पोरगी शांतपणे त्यांच्याकडे बघत होती. बघत असावी. चेहरा दिसल्याशिवाय ते तरी कसं कळणार?

ते उठले. "पोरी," त्यांनी हाक मारली, "पत्र वाचून झाल्यावर तू जे करतेस ते कर. तोंडातून शब्द काढू नकोस."

ती काही क्षण तशीच उभी राहिली. झगा हलला नाही.

"केलं?"

"केलं, काका."

"दादा, आता तुम्ही करा. तेच."

दादांनी केलं. आधी नजर खाली, मग ओठ घट्ट, मग कपाळावर बारीकशी आठी. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसालाही ती आठी मोजता आली असती.  भांडणारे दोन्हीकडचे गप्प झाले. यात वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ही खरं बोलते," काका म्हणाले.  मग सगळ्यांकडे वळून त्यांनी परत मोठ्यानं म्हटलं, "ही खरं बोलते! माझ्या मनात कुणाबद्दल वाकडं नव्हतं, आजही नाही. पण मी एकतीस वर्षं एका पांढऱ्या डोक्यावर दिवे लावले आणि म्हटलं, सगळ्यांना सारखे. ही माझ्याकडे आली होती. दिसत नाही म्हणाली. तर मी दिवा नाही हलवला. मी चिठ्ठी लिहिली की हिचाच रंग बदला." त्यांनी रंगमंचाकडे मान वळवली. "याची मला लाज वाटते. आणि नटीनं बोलू नये म्हणता, तर ज्याचं काम बघायचं होतं त्या मला दिसलं नाही. जिला दिसलं ती बोलली. ती गप्प बसली असती तर मी असाच निवृत्त झालो असतो, सत्कार घेऊन!"

कुणीतरी टाळी वाजवली. काकांनी हात वर करून ती थांबवली. "टाळ्या मग. फ्यूज! शिडी!"

पुढची चाळीस मिनिटं जे झालं ते त्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. बासष्ट वर्षांचे दिवेकाका बाह्या वर करून शिडीवर चढले. खाली फ्यूजनं सवयीनं मावशीला खुणेवर आणून ठेवलं. "उचल तिला!" काका वरून गरजले. "जिवंत माणूस उभं आहे, तिच्यावर लाव!"

समोरून नुसता उजेड वाढवला असता तर दादांचं तोंड पिठात बुडवल्यासारखं झालं असतं, हे काकांना माहीत होतं. ते बाजूनं गेले. दोन्ही विंगांतून खांद्याच्या उंचीवर एकेक दिवा घेतला. दिव्यांच्या तोंडावरचे गुलाबी जिलेटीनचे कागद काढून फेकले आणि फिकट निळसर लावले. मागच्या पडद्यावरचा उजेड कमी केला आणि वरून पाठीमागनं एक दिवा असा सोडला की डोक्याची, खांद्याची कड पडद्यापासून सुटी झाली. "पोरी, मान डावीकडे. अजून. आता हस, आता रागावून बघ माझ्याकडे. चांगलं रागावून, तुला कारण आहे!" ती खळखळून हसली. तिचं हसणं ऐकू आलं आणि त्याच क्षणी पहिल्यांदा दिसलंही, तेव्हा उजवीकडच्या लोकांतसुद्धा चुळबुळ झाली. कुणी उठून गेलं नाही. न्हावी तर विंगेतल्या दिव्याची वायर धरून उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"साहेब," मध्येच काका म्हणाले, "जरा तिकडची शिडी धरता का?" आणि व्यवस्थापकांनी घाम पुसत शिडी धरली.

काका खाली उतरले आणि सातव्या रांगेत येऊन बसले. "फ्यूज, सगळं विझव. आता लाव. दादा तुम्ही खुणेवरच राहा. पोरी, पत्र वाचून झालंय."

उजेड आला. दादांचा चेहरा होता तसाच सुरेख होता, त्यांचं काहीएक गेलं नव्हतं. आणि त्यांच्या शेजारी तिचा चेहरा होता. गालाचं हाड, पापणी, कपाळावरची चमक, नाकपुडीशी हललेला श्वास. ती खाली बघत होती. हातातल्या न दिसणाऱ्या पत्राची तिनं हळूच घडी केली. डोळे भरून आले. पाणी पापणीच्या काठावर थांबलं. या नाटकात इथे नायिका मोडते, असं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या अंकात ती घर सोडते ती मोडली म्हणूनच, असं सगळ्या परीक्षणांत छापून आलं होतं. पण ती मोडली नाही. पाणी तसंच काठावर ठेवून तिनं मान वर केली, आणि तिच्या ओठांच्या एका कोपऱ्यात हसू आलं. लहानसं, पक्कं. सुटलेल्या माणसाचं. तिनं घर सोडायचं ठरवलं होतं, आणि ते तिचं ती ठरवत होती.

 काकूंनी काकांचा हात घट्ट धरला.

पहिल्या रांगेतून अध्यक्षबाई उठल्या. त्यांनी हे नाटक सहा वेळा पाहिलं होतं. दोन पावलं पुढे येऊन त्या रंगमंचाच्या कडेला थांबल्या आणि तिच्याकडे मान वर करून म्हणाल्या, "तू इथे हसतेस?"

"हो, बाई."

"हे... हे नवीन बसवलंस का? कधीपासून?"

"पहिल्या प्रयोगापासून," ती म्हणाली.

 अध्यक्षबाईंनी मागे वळून व्यवस्थापकांना सांगितलं, "शनिवारचं माझं तिकीट काढून ठेवा. मी हे नाटक अजून पाहिलेलंच नाही."

त्यानंतर टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. दादा स्वतः बाजूला सरून टाळ्या वाजवत होते. शेवटी एकदाचं त्यांचं ठरलं होतं. वरच्या खोलीतून फ्यूज ओरडत होता, "काका, आकडे काय लिहू? काका, आकडे सांगा!" पण काकांना ऐकू येत नव्हतं. ते सातव्या रांगेत उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सहा महिने ती पोरगी रोज त्यांच्यासमोर जिंकत होती, आणि आज ते त्यांना पहिल्यांदा दिसलं होतं.